आईने मांडलेलं पारायण

मुलुंडला मिठागरांच्या बाजूला आमची बैठी चाळ होती. पन्नास-बावन्नचा सुमार असेल. मी मॅट्रिकच्या वर्गात असताना माझा धाकटा भाऊ गेला, आठ महिन्यांचा. सकाळपासून त्याचं अंग जरा कोमट होतं, तरी आई त्याला शेजारणीकडे ठेवून हळदीकुंकवाला गेली. परत आली तोवर आकडी येऊन सगळं आटोपलं होतं. तुम्ही घरी असतात तरी वेगळं काही झालं नसतं, असं डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं. आईने मान हलवली आणि त्या दिवसापासून गोड सोडलं, गादी सोडली.

वडिलांचा छापील अक्षरावर भारी भरवसा. वर्ष उलटलं तरी आई जमिनीवरच निजते म्हटल्यावर त्यांनी स्टेशनजवळच्या वाचनालयातून एक पुस्तक आणलं. कुणा डॉक्टरने मनाच्या दुखण्यांवर लिहिलेलं. शेजारणीवर दुःख कोसळलं तर आपण तिच्याशी जसं मायेने बोलतो, तसंच स्वतःशीही बोलावं, असं त्यात होतं.

"अगं, रोज थोडं वाच ना. बरं वाटेल," वडील म्हणाले.

आईने आजवर वाचल्या होत्या त्या फक्त पोथ्या. तिने आंघोळ केली, चौरंग मांडला आणि वाचनालयाच्या त्या पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं. रोज एक प्रकरण, ते संपेपर्यंत तोंडात पाणी नाही, मध्ये बोलणं नाही. मला हसू आलं, पण आशाही वाटली. वडील तर खूशच होते.

मग एकदा ती तापाने फणफणली आणि वाचन चुकलं. दुसऱ्या दिवशी तिने कडक उपास धरला आणि पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढलं.

"आई, यात उपास कुठे सांगितलाय? स्वतःला छळू नका म्हणून तर हे अख्खं पुस्तक लिहिलंय!" मी ओरडलेच.

"नेम मोडला ना गं माझ्याकडून," ती म्हणाली.

मला तिचा भयंकर राग आला. पुस्तक तिला सोडवायला आणलं होतं, आणि तिने त्यातूनही स्वतःसाठी शिक्षाच काढली होती.

पारायण संपलं तेव्हा तिने रीतसर उद्यापन केलं. पुरण घातलं आणि जेवायला त्याच शेजारणीला बोलावलं. ती बिचारी वर्षभर आमचं दार चुकवत होती. पहिला घास हातात घेऊनच ती रडायला लागली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुझा काय दोष गं? तू त्याला जीव लावलास. आता स्वतःला बोल लावणं सोड बाई." पुस्तकातलं सगळं तिला नीट कळलं होतं. मला वाटलं, सुटली एकदाची.

शेजारीण गेल्यावर मी आईचं पान वाढायला घेतलं. पुरणपोळी वाढणार तेवढ्यात तिने ताटावर हात आडवा धरला.

"आई, आत्ताच तिला काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. पुस्तक चांगलंच आहे गं," आई म्हणाली, "पण ज्यांची चूक नसते त्यांच्यासाठी आहे ते." आणि भातावर ताक ओतून घेऊन ती जेवू लागली.