विमानातून न आलेला फोन

खर्डीच्या पुढे, तानसाच्या रानाला लागून वीस-बावीस घरांचा एक पाडा आहे. २००६ साली त्या पाड्यावर मोबाईल एकच होता आणि तो सांभाळणारी बाईही एकच, सकुबाई. फोन बायकांच्या बचत गटाचा. पाड्यात त्याला रेंज मिळायची नाही. मागच्या टेकडीवर काळा कातळ आहे, तिथं चढलं की दोन दांड्या दिसायच्या. म्हणून रोज दुपार कलली की सकुबाई फोन कमरेच्या पिशवीत घालून कातळावर जाऊन बसे. भिवंडीला, वाड्याला, वीटभट्टीवर कामाला गेलेली माणसं त्याच वेळेला फोन करत. ती निरोप ऐकून घेई आणि खाली येऊन घरोघर पोचवी.

तिला अक्षरओळख नव्हती. पण दहा निरोप डोक्यात घेऊन उतरली तरी एकाचं दुसऱ्यात मिसळायचं नाही. आणि निरोप म्हणजे निरोप. त्यात आपलं मीठ-मसाला घालायचा नाही, की कडू वाटलं म्हणून काही गाळायचं नाही. काळूरामच्या मेव्हण्यानं एकदा त्याला फोनवरून पाच शिव्या हासडल्या. सकुबाईनं त्या चारचौघांत, त्याच्या ओटीसमोर उभं राहून, ओळीनं पोचवल्या. काळूराम भडकला, "माझ्याच दारात मला शिव्या देतेस गो?"

"माझ्या नाय रे, तुझ्या मेव्हण्याच्या. मोजून घे, पाच हायेत."

पाडा आठ दिवस हसत होता. असलं माणूस शेजारी असलं तर जड जातं, पण नसलं तर गावाचं चालत नाही.

त्या वर्षी गिरजाची काजल धावण्याच्या स्पर्धेसाठी निवडली गेली. आश्रमशाळेतली नववीतली पोर, अनवाणी पळायची तरी सगळ्यांच्या पुढे. स्पर्धा कलकत्त्याला. गाडीचं रिझर्वेशन मिळेना, तेव्हा दोन मुली आणि शाळेतल्या एक बाई यांना विमानाची तिकिटं मिळाली. पाड्यावरून विमानं रोज जात, पण त्यात बसलेलं आपलं माणूस पाड्यानं कधी पाहिलं नव्हतं. मग काय विचारता! खर्डीच्या बाजारात जो तो अनोळखी माणसालाही थांबवून सांगू लागला, "आमची काजल इमानानं चालली."

निघताना काजल आईला म्हणाली, "बाईंच्या मोबाईलवरून इमानातूनच फोन करते. आपला डोंगर दिसला का लगेच."

विमानात फोन लागतो का, असा प्रश्न कुणाला पडला नाही. हिशेब सरळ होता. पाड्यात एकही दांडी नाही, कातळावर दोन, माहुली किल्ल्याच्या माथ्यावर पाच. विमान तर माहुलीच्याही कितीतरी वर. काजलचा काका हनुमान आसनगावला कारखान्यात होता, चार बुकं शिकलेला. त्यानंही शिक्का मारला, "इमानात फुल्ल रेंज. टॉवरच्या डोक्यावरूनच जातंय ना ते!"

एकट्या सकुबाईला ते पटेना. ती म्हणाली, "मी माथ्यावर फोन नेलाय. दांड्या पाच व्हत्या, पण एक फोन धड लागंल तर शपथ. चारी बाजूंची टॉवरं एकदम दिसल्यावर तो तरी कुणाचं ऐकंल?"

"तू कातळावरच बस," हनुमान म्हणाला, आणि सगळे हसले.

विमान रविवारी सकाळी अकराचं. सगळा पाडा कातळावर जमला. साडेअकराच्या सुमारास डोंगरावरून एक विमान गेलं. पोरांनी हात हलवले, गिरजानं हात जोडले. फोन गप्प. बारा वाजले तरी गप्पच. हनुमाननं बाईंचा नंबर लावला. स्विच ऑफ. शाळेचा फोन नुसता वाजत राहिला, सुट्टीच होती.

आणि मग तोच सरळ हिशेब उलटा फिरला. उंचावर रेंज असते. फोन लागत नाही. म्हणजे विमान उंचावर नाही. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच होतं. शेवटी म्हातारी बाईजा बोलून गेली, "इमान खाली आलं गो." गिरजा होती तिथंच मटकन बसली.

तिला धरून खाली आणली. ती दारातल्या खांबाला टेकून बसली, पाण्याचा घोटही घेईना. दोनच्या सुमारास हनुमाननं सकुबाईला बाजूला घेतलं. "वर जाऊन ये, नि फोन आला म्हणून सांग. पोचली म्हणाव. वहिनी चार घास तरी खाईल. खरं काय ते उद्या बघू."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आणि सकुबाईचं काळीजही काही लोखंडाचं नव्हतं. गिरजा तिची लहानपणापासूनची जोडीदारीण. दोघींनी एकाच रानात करवंदं वेचली, एकाच वर्षी लग्नं झाली. एक वाक्य बोललं असतं तर तो चेहरा निवला असता. तिच्या ओठांवर आलंही होतं. पण ती गिरजासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "गिरजे, फोन नाय आला. एवढंच मला ठाव हाय. इमान पडलं असं बी मला कुणी सांगितलं नाय, म्हणून ते बी मी सांगणार नाय."

मागून बाईजा म्हणाली, "दगडाची हाय ही." ते सकुबाईच्या जिव्हारी लागलं. ती फोन घेऊन पुन्हा टेकडी चढली. चढताना ती रडली, कातळावर पोचल्यावर डोळे पुसले.

पाचच्या पुढे फोन वाजला. बॅटरी शेवटच्या घरावर आली होती.

"सकू मावशी, मी काजल. पोचलो आमी! इमान लेट सुटलं. मावशी, आत फोन बंद करायला लावतात. एका काकांनी गुपचूप चालू ठेवलेला, वर गेल्यावर त्यांच्या फोनवर एक दांडी नव्हती. मला ओकारी झाली, आईला सांग. नि आपला डोंगर दिसला का नाय कळलंच नाय, वरून सगळं सारखंच…"

तिथंच फोन विझला. सकुबाई धावतच उतरली. टेकडीच्या वाटेवर दोनदा घसरली.

"पोचली! काजल पोचली. फोन आला."

हनुमान मोठ्यानं म्हणाला, "शाब्बास सकुबाय!" आणि तिच्याकडे बघून हळूच मान हलवली. शेवटी ऐकलंस माझं, असं ती मान म्हणत होती. ते बायकांनीही पाहिलं आणि त्या एकमेकींकडे बघू लागल्या. काळूरामनं हात पुढे केला, "दाव फोन. नंबर बघू." फोन बंद पडलेला. चार्जिंग खर्डीला, तेही लाईट असली तर.

इतक्या वर्षांत सकुबाईचा निरोप कुणी खोटा मानला नव्हता, आणि मानला तो आज, गिरजासमोर. शपथ घ्यावी असंही तिच्या मनात आलं नाही.

गिरजा खांबाला धरून उठली. हनुमानकडे बघून म्हणाली, "तुमी काय समजलाव भावजी? दुपारी मी मरत व्हते, तवा ही खोटं बोलली नाय. आता कशाला बोलंल?"

हनुमानची मान खाली गेली. गिरजानं सकुबाईचा हात धरून तिला खांबाशी बसवलं, स्वतः समोर बसली. "आता सांग. पहिल्यापासून. ओकारी-बिकारी काय झाली आसंल ते बी सांग, गाळू नको."

"झाली," सकुबाई म्हणाली, "ते तुला सांगायलाच सांगितलंय."