माठाला टेकलेला गाल

उन्हाळ्यात आमची शाळा सकाळची असते. आर्वीचं ऊन डोक्यावर यायच्या आत मी घरी पोचते, तोंडाला गुंडाळलेला ओला दुपट्टा सोडते आणि कूलरसमोर आडवी होते. खिडकीला आईच्या जुन्या निळ्या साडीचा पडदा आहे. त्यातून येणारा उजेड भिंतीवर हलत राहतो आणि कूलरच्या ओल्या गवताच्या वासात माझे गाल हळूहळू निवत जातात. धड झोप नाही, धड जाग नाही, अशा त्या वेळात मला बरेचदा आमच्या गावचं, रोहण्याचं अंगण दिसतं. कडुनिंबाखाली तिपाईवर ठेवलेला पाझरणारा माठ दिसतो आणि त्याला गाल लावून, डोळे मिटून उभी असलेली आई दिसते.

लहान असताना मी तिला विचारायची, "काय करून राह्यली वं आई?"

"पाणी ऐकून राह्यली," ती म्हणायची. "थंड व्हाले लागलं का बोलते थे."

मग मीही टाचा उंच करून माठाला कान लावायची. मला ते खरंच ऐकू यायचं. खूप लांब, जमिनीच्या खाली कुणीतरी कुजबुजतंय असं. काय बोलतंय ते मात्र कधी कळलं नाही, आणि आईला कळतं याचा मला हेवा वाटायचा.

पस्तिशी उलटल्यावर माझा चेहरा लाल राहायला लागला. आधी येऊन जायचं. गरम चहा घेतला, उन्हातून आले, कुणाशी वाद झाला की गालांवर आणि नाकावर लाली चढायची आणि तासाभरात उतरायची. पुढे ती उतरेनाशी झाली. बारीक पुळ्या आल्या आणि कातडीखाली सतत चुरचुर लागली. वर्गात मी नुसती शिरले तरी पोरं कुजबुजायची, "मॅडम भडकल्या बे आज." मी तशी तापटच आहे, पण रोज कुठे भडकते? तरी वर्ग आयता चिडीचूप बसतो म्हटल्यावर मी ते फुकटचं सुख घेतलं, खोटं कशाला बोलू. आमच्या स्टाफरूमला वेगळाच शोध लागला होता. "मॅडम अजून लाजतात," असं म्हणून सगळ्या हसायच्या.

हसून हसून मी कंटाळले. हळद लावून झाली, मुलतानी माती झाली. लिंबू चोळलं त्या दिवशी तर ब्रह्मांड आठवलं. शेवटी मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली आणि तिनं जादू केली. आठवड्याभरात चेहरा असा स्वच्छ झाला की मी येता-जाता आरशात बघायची. ट्यूब संपली आणि लाली दुपटीनं परत आली. पुन्हा ट्यूब, पुन्हा लाली. असं वर्षभर चाललं.

वर्ध्याच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ती ट्यूब पाहिली आणि आधी तीच टेबलावर बाजूला ठेवली. "यात स्टेरॉइड आहे. हे बंद. बंद केल्यावर थोडे दिवस अजून पेटेल, तेव्हा घाबरून परत लावू नका." मग म्हणाल्या, "याला रोझेशिया म्हणतात. तुमची काही चूक नाही. मुळासकट जात नाही, पण सांभाळलं तर शांत बसतो." काही दिवस गोळ्या दिल्या, रात्री लावायला जेल दिलं, सकाळसाठी साधं बिनवासाचं मलम आणि झिंकचं सनस्क्रीन. तोंड कोमट पाण्यानं धुवायचं, घासायचं नाही, टिपायचं. तरीही राहिलेल्या लाल रेषांसाठी नागपूरला लेझर करतात, पण ते पुढचं पुढे. आणि कशानं चढतं ते तुमचं तुम्हीच शोधा, म्हणाल्या, प्रत्येकाचं वेगळं असतं.

उठता उठता त्यांनी विचारलं, "घरात अजून कोणाला आहे?"

"नाही," मी लगेच सांगितलं. "कोणालाच नाही."

मग मी स्वतःच्याच चेहऱ्यावर नजर ठेवू लागले. चहा निववून पिऊ लागले. तो निवेपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसायची सवय लागली, आणि ती मला आवडली. वांग्याची भाजी सोसते, वरची तेलाची तर्री सोसत नाही, हे कळलं. हिरव्या मिरचीचा ठेचा सोडताना जीव तुटला. सनस्क्रीनचा पांढरा थर बघून पोरं म्हणाली, "मॅडम, तोंडाले पीठ लागलं." असू दे म्हटलं. चुरचुर कमी होत गेली. एक दिवस तर सकाळ संपली आणि मला चेहऱ्याची आठवणच झाली नव्हती. त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की मी उगाच बसस्टँडपर्यंत चालत जाऊन आले.

पण सगळ्यात वाईट निघाली ती चुलीची धग, आणि तिथेच माझं अडलं.

आमच्या घरी अक्षय तृतीयेला पितरांच्या पानावर आमरस आणि लांब रोटी लागते. गव्हाची कणीक खूप सैल भिजवून, आपटून आपटून तार धरेपर्यंत मळायची. ओल्या हातांनी गोळा या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद सोडायचा. खाली लाकडं ढणढण पेटलेली पाहिजेत, कारण मडकं निवलं की रोटी चिकटते. आमच्याकडे हे आईला येतं आणि आईनं शिकवलं म्हणून मला येतं. तिचा खांदा आखडल्यापासून मीच बसायची. पान वाढल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही, आणि त्या दिवशी सगळे माझ्या हातांकडे बघत असतात. खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं.

मागच्या वर्षी मी आईला फोनवर सांगितलं की मी चुलीपुढे बसणार नाही, धगीनं तोंड जळतं, डॉक्टरांनी सांभाळायला सांगितलंय.

"त्या डाक्टरीनले का मालूम लांब रोटी?" आई म्हणाली. "चुलीनं कोनाचं तोंड जळलं काय आजवर? आमी काऊन नाई जळलो?"

 मग तीच म्हणाली, "राहू दे. बसीन मीच."

फोन ठेवून मी रडले. खांदा दुखत असताना ती बसणार याचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त वाईट याचं वाटलं की माझ्या आईला माझं जळणं खरं वाटलं नाही.

अक्षय तृतीयेला मी सकाळच्या एसटीनं रोहण्याला गेले. आईनं मला चुलीपासून लांब, कडुनिंबाखाली आंबे पिळायला बसवलं. नाराज होती, पण सावली बघून बसवलं. मागच्या टिनाच्या छपराखाली तिनं चूल पेटवली. इतकी वर्षं मी तिच्या बाजूला, नाहीतर स्वतःच चुलीपुढे बसून धूर चुकवत आले होते, लांबून तिला कधी पाहिलंच नव्हतं. धगीवरची हवा थरथरत होती आणि तिच्यापलीकडे आई थोडी विरघळल्यासारखी दिसत होती. तिच्या हातांवरून कणीक पाण्यासारखी उतरत होती. आंब्याचा वास, कडुनिंबाची बारीक फुलं गळत असलेली, कुठेतरी एकच होला घुमत असलेला. मला गुंगी आली. मी परत लहान झाले होते आणि आई आता उठून पाणी ऐकायला येईल, असं वाटत होतं.

आणि ती आलीच. चार-दोन रोट्या झाल्यावर पदराला हात पुसत माठाशी आली, डोळे मिटले आणि डावा गाल माठाला लावला. थोड्या वेळानं उजवा लावला. मग कपाळ, मग नाक.

ऐकायला नाक कशाला लागतं?

मी तशीच उठले, रसानं माखलेल्या हातांनी. जवळ जाऊन मनगटाची मागची बाजू तिच्या गालाला लावली. तो तापलेला होता. नाकाच्या दोन्ही बाजूंना माझ्यासारख्याच बारीक लाल रेषा होत्या आणि तशाच पुळ्या. आयुष्यभर हा चेहरा मी पाहत आले होते. "मायचे गाल पाहा, कसे सफरचंदावानी," असं सगळे म्हणायचे आणि मीही म्हणायची.

"आई, तुह्यं तोंड जळते काय?"

"चुलीपुढं बसलं तं जळनच ना."

"चुलीपुढं नाई. आता. इथं. रोज."

 तिनं माठावरचा गाल काढला नाही.

मी तिला हात धरून आत नेलं. जेवणाची वाट बघत बसलेल्या भावाला सांगितलं, बस तू मडक्यापुढे. तो म्हणाला, "मी? येडी झाली काय?" पण माझं तोंड पाहून बसला. या खेपेला मी खरंच भडकले होते.

हात धुऊन आतल्या खोलीत कूलर लावला. आईला पलंगावर आडवं केलं, मऊ कापड माठातल्या पाण्यात बुडवून तिच्या गालांवर ठेवलं. ते तापलं की पुन्हा भिजवलं. मग माझ्या पिशवीतलं साधं मलम तिच्या गालांवर लावलं, न चोळता, डॉक्टरांनी मला सांगितलं होतं तसं. तिचे डोळे मिटलेलेच होते. बाहेर भावाची रोटी फाटल्याचा आरडाओरडा ऐकू येत होता.

खूप वेळानं ती म्हणाली, "मले वाटे, सगळ्याइचंच तोंड असं जळते."

मी कूलरचं तोंड तिच्याकडे वळवलं.

"म्हनून तू फोनवर बोलली तं मले वाटलं, हे नवीन का सांगून राह्यली." तिनं डोळे उघडले. "तुह्यं कधीपासून जळते वं?"

"पाच-सहा वर्षं झाले."

"माह्यं तं तू व्हाच्या आधीपासून," ती म्हणाली आणि माझा आंब्याचा वास येणारा हात धरून पडून राहिली.

पितरांना त्या वर्षी फाटक्या रोट्या गेल्या. आईनंच पान वाढलं आणि त्यांना हात जोडून म्हणाली, "चालवून घ्या बाप्पा."

पुढच्या आठवड्यात मी तिला वर्ध्याला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तिचा चेहरा भिंगातून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. गोळ्या, जेल, मलम सगळं समजावून सांगितलं. आई मान डोलवत राहिली. शेवटी त्यांनी तिलाही तेच विचारलं, घरात अजून कोणाला आहे का.

मला वाटलं आई माझ्याकडे बोट दाखवेल. तिनं दाखवलं नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली, आठवत असल्यासारखी.

"माह्या मायले असन," ती म्हणाली. "थे बी पाणी ऐके."