जॅकवर चढवलेलं घर

माझ्या दादाला बसडेपोत सगळे ‘पाना’ म्हणत. चौतीस वर्षं त्याने गाड्यांखाली पाठीवर झोपून काढली. त्यात डावा कान पुरता गेला आणि उजवा निम्मा. त्याच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. वहिनी म्हणायची, “आमची भांडणं शेजाऱ्यांना पाठ आहेत, ह्यांनाच तेवढी ठाऊक नाहीत.”

गेले सात महिने वहिनी माझ्याकडे होती. तिसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत. तिची छाती बिघडली होती. डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं, “घराखालची ओल आणि बुरशी वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली आहे. फुप्फुसं कडक होत चाललीत. ती ओल जाईपर्यंत यांना तिथे राहू देऊ नका. आणि जे काही करायचं ते लवकर करा.” हे शेवटचं वाक्य त्यांनी दादाकडे बघून म्हटलं, पण खालच्या आवाजात. त्याला ऐकू आलं नाही. जिन्यात त्याने विचारलं, “काय म्हणाल्या गं शेवटी?” मला ते ओरडून सांगावं लागलं. असलं वाक्य जिन्यात ओरडायची वेळ देवाने कुणावर आणू नये.

वहिनीला घरी जायचं होतं. दुसरं काहीच तिला नको होतं. “वन्सं, तुमच्याकडे सगळं छान आहे हो,” ती म्हणायची, “पण मला माझ्या घरात मरायचंय. आणि तेही लगेच नाही.”

घर म्हणजे तीन खोल्या. लाकडाच्या वखारीतल्या रखवालदारासाठी कधीकाळी बांधलेलं, सोळा खांबांवर, जमिनीपासून दोन हात वर उचललेलं, खाली भोवताली विटांचं जोतं. वखार बंद पडली तेव्हा ह्या दोघांनी ते घेतलं. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. भिंती फळ्यांच्या, वर पत्रा. दादाने ठेकेदाराला बोलावलं. त्याने बुटाने एका खांबाला ठोकर मारली आणि म्हणाला, “पाडा. सिमेंटचं बांधून देतो, दीड वर्षात.”

“दीड वर्ष नाहीये आमच्याकडे,” दादा म्हणाला. ठेकेदाराला वाटलं, घाई आहे. तो हसला आणि गेला.

मग दादाने स्वतःच करायचं ठरवलं. खालून सुरुवात. त्याने स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेका खांबाच्या बुडाशी खुपसून पाहिला. सोळापैकी नऊ ठिकाणी तो मुठीपर्यंत आत गेला. खांबांवर आडव्या टाकलेल्या तुळयांपैकी तीन भुसा झालेल्या. तुळयांना टेकू देऊन खांबांच्या बुडाशी खड्डे खणायचे, नवा पाया भरायचा, मग घर जॅकवर उचलायचं, खांबांची कुजलेली बुडं कापायची, पायावर दगड बसवायचा, खांबांना नवं लाकूड जोडायचं आणि घर हलकेच खाली टेकवायचं, असा बेत. डेपोतून भंगारात निघालेले आठ जॅक त्याने आणले. सल्ल्याला एक म्हातारे सुतारकाका होते. त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे ते खाली शिरायचे नाहीत. उभे राहून बोलायचे तेवढे.

रविवारी मी डबा घेऊन जायची. एका रविवारी दादा खड्ड्यात कमरेएवढा उभा होता. एकदम म्हणाला, “हे मी केलंय.”

“काय?”

“जोत्याला सगळीकडून हवेच्या जाळ्या होत्या. हिच्या पायांना थंडीत गार लागायचं. पंधरा वर्षांपूर्वी मी त्या विटा लावून बंद केल्या. चांगला गिलावा केला वरून. किती छान झालं म्हणून हिला दाखवलं.” त्याने फावडं मातीत मारलं. “खालची हवा बंद झाली. ओल आत कोंडली. लाकूड कुजलं, आणि ती वर झोपत होती. तिला सांगू नकोस.”

मी पोळ्या गार होतायत म्हणाले. जाळ्या त्याने पहिल्याच दिवशी फोडून मोकळ्या केल्या होत्या, पण पंधरा वर्षांची ओल अशी चार दिवसांत जाते थोडीच.

पाच नवे पाये भरून झाले आणि दादाला घाई सुटली. त्या आठवड्यात वहिनीला बाथरूमपर्यंत जाताना तीनदा भिंत धरावी लागली होती. मीच त्याला सांगितलं होतं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

सुतारकाका दहाला येणार होते. “मी असल्याशिवाय उचलायचं नाही,” त्यांनी बजावलं होतं. “मोडायच्या आधी लाकूड करकरतं. तुला ते ऐकू येणार आहे का, पानासाहेब?” दादाने आठलाच सुरू केलं. त्याचा हात बसवर बसलेला. बसचं कसं, एका कोपऱ्याला जॅक लावला की लोखंडी सांगाडा एकसंध उठतो. त्याने मागच्या कोपऱ्यात जॅक लावला आणि दांडा फिरवत सुटला. पण लाकडाचं घर म्हणजे शंभर तुकडे एकमेकांना धरून बसलेले. एका कोपऱ्याला उचललं की बाकीचे काही मागोमाग येत नाहीत.

मी चहा घेऊन पोचले तर करकर ऐकू आली. आधी बारीक, मग दात खाल्ल्यासारखी. मी ओरडले, “दादा, थांब!” खालून त्याचा हात बाहेर आला आणि ‘जरा थांब’ अशी खूण करून परत आत गेला. मी आणखी जोरात किंचाळले. त्याने आणखी एक फेरा मारला.

मग झाड मोडल्यासारखा आवाज झाला. मधल्या खोलीच्या तुळईचा सांधा सुटला, भिंत वीतभर फाटली, पत्र्याचे खिळे फटाफट उपटून आले. एक खांब सुटून दोन दिवसांपूर्वी भरलेल्या पायावर पडला आणि पाया चिरला.

दादा सरपटत बाहेर आला. अंगावर माती, कपाळाला खोक. त्याने भिंतीकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या किटलीकडे.

“तू ओरडत होतीस?” तो म्हणाला. “मला वाटलं, चहा.”

सुतारकाका आले, बघितलं, आणि पहिल्यांदाच गुडघे टेकून खाली वाकले. दादा त्यांच्यासमोर जमिनीवर बसला होता. तिथूनच मला म्हणाला, “तिला सांग, घर विकलं. चांगल्या माणसाला विकलं म्हणून सांग. तुझ्याकडेच राहू दे तिला, जेवढं असेल तेवढं.”

मी देवाकडे सहसा काही मागत नाही. मागायचं नसतं, नुसतं बसायचं असतं, असं मला आईने शिकवलं. त्या दिवशी घरी आल्यावर देवासमोर बसले आणि नुसतं बसवेना. म्हटलं, पंधरा वर्षं तिचे पाय गरम राहावेत म्हणून त्याने केलं, त्याचं हे फळ? डोळे पुसले आणि वहिनीच्या खोलीत गेले. ‘घर विकलं’ हे शब्द जुळवत गेले होते. तोंडातून खरं तेच निघालं, जाळ्यांसकट सगळं.

वहिनी भिंतीला उशी लावून बसली होती. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “जाळ्या काय, मीच बंद करायला लावल्या. हिवाळाभर कुरकुर करून ह्यांचं डोकं खाल्लं होतं मी. आणि हे महाराज पंधरा वर्षांचं पाप एकटेच घेऊन बसलेत? निम्मं माझं आहे म्हणावं.” तिला ढास लागली. ती ओसरल्यावर म्हणाली, “ह्यांना ऐकू येत नाही, हे ठाऊक असून वर ऐकायला कुणीच नव्हतं?”

“सुतारकाका येणार होते.”

“काका कशाला? त्या घरातली कुठली फळी कशी बोलते ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? मला न्या तिथे.”

मी फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मी परवानगी देणार नाही.” वहिनीने फोन माझ्याकडून घेतला आणि म्हणाली, “परवानगी नका देऊ हो, औषध द्या.”

माझे यजमान आणि शेजारचा गवंडी यांनी तिला खुर्चीत बसवून तीन जिने उतरवलं. दादा तिला बघून भडकला. “हिला इथे कशाला आणलीस? वेड लागलंय का तुला?” वहिनी तोंडाला ओला रुमाल बांधून फाटलेल्या भिंतीशी बसली. “ओरडू नका,” ती म्हणाली, “तुम्हाला नाही येत, पण मला येतं ऐकू. भिंत फाडलीत ते एक बरं केलंत, वारा येतोय. जा खाली.”

ते काम असं चालायचं. आठही जॅकना पाळीपाळीने पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग थांबायचं. दादा खाली तुळईला तळहात लावून पडायचा. वहिनी वर ऐकायची. सगळं ठीक वाटलं की हातातल्या लाटण्याने जमिनीवर दोनदा ठोकायची. ते दादाला हाताला कळायचं. एक ठोका म्हणजे थांब. एकदा तिने एकच ठोकलं आणि पाच मिनिटं दुसरं काही नाही. दादा घाबरून बाहेर आला, तर ती भिंतीला कान लावून बसलेली. “स्वयंपाकघराच्या दारावरचं आडवं लाकूड बोलतंय. तिथे पाचर मारा.” सुतारकाकांनी जाऊन पाहिलं. तिथे बोटभर चीर गेली होती. काका म्हणाले, “पानासाहेब, तुम्ही बायकोलाच डेपोत पाठवायला हवं होतं.”

एक दिवसाआड दोन तास. मधल्या दिवसांत दादा गवंड्याला घेऊन चिरलेला पाया आणि उरलेले चार भरायचा. दिवसाला घर जेमतेम बोटभर उचलायचं. पण त्या दोन तासांची किंमत वहिनी पुढच्या खेपेपर्यंत मोजायची. जिने चढवून आणलं की संध्याकाळपर्यंत ती बोलायची नाही, नुसती श्वास घ्यायची. पाचव्या खेपेला माझे यजमान जिन्यात म्हणाले, “आज खुर्ची हलकी लागतेय,” आणि लगेच जीभ चावली. वहिनीने ऐकलं. ती म्हणाली, “बरंय ना, तुमची कंबर वाचेल.”

नवव्या खेपेला तिला अशी ढास लागली की रुमालावर लाल उतरलं. दादा तेव्हा पाणी प्यायला वर आला होता. त्याने ते पाहिलं. हातातला दांडा टाकला. “बस झालं,” तो म्हणाला. “मला घर नको. तू घरी चल.”

“हेच घर आहे,” वहिनी म्हणाली.

“अगं, तू इथे मरशील!”

“आणि तिसऱ्या मजल्यावर काय होईल?”

दादाला तेवढं नीट ऐकू आलं. तो तिच्यासमोर उभा राहिला, तोंड वेडंवाकडं करून, लहानपणी रडू आवरताना करायचा तसं. मी त्याला सांगितलं, “तू जा खाली, मी तिच्याजवळ बसते.” मला वाटतं, त्याला दुसरं कुणीतरी सांगायलाच हवं होतं. तो खाली गेला. वहिनीने दोनदा ठोकलं.

आणखी चार खेपा लागल्या. नऊ खांब नव्या पायांवर टेकले, तीन नव्या तुळया बसल्या. शेवटचा जॅक काढला तेव्हा सुतारकाकांनी पाणसळ ठेवून बघितली. बुडबुडा मधोमध नव्हता, केसभर बाजूला होता. दादा ते बघून कपाळाला हात लावणार, तोच वहिनी म्हणाली, “राहू दे. पूर्वी इतकंही सरळ नव्हतं.”

मग माझे यजमान खुर्ची उचलायला आले आणि ती म्हणाली, “आता मी जिने चढत नाही.”

आम्ही सगळ्यांनी समजावलं. जमिनीखालची ओल अजून पुरती सुकली नव्हती. मधली भिंत उघडी होती. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, “सुकायला अजून दोन-तीन महिने हवेत.” आणि मग, मी विचारलं नसताना, “त्यांच्याकडे तेवढे आहेत, असं मी म्हणू शकत नाही.” मी दादाला बाजूला नेलं आणि ओरडून सांगितलं. तो म्हणाला, “कळलं मला.” आत जाऊन त्याने खाट वाऱ्याच्या बाजूला ओढली.

हे लिहितेय तोवर त्या दिवसाला आठवडा झाला. दुसऱ्या दिवशी मी तिचं अंथरूण आणि औषधं तिकडे पोचवली. दादा फाटलेल्या भिंतीला फळ्या मारणार होता. वहिनीने त्याला थांबवलं. फळ्या नंतर, म्हणाली, तूर्त पडदा लावा, हवा येऊ दे. तो माप घेऊन उभा राहिला. कुठल्या रंगाचा ते सांगायला तिने तोंड उघडलं आणि मध्येच दम लागला. ती डोळे मिटून श्वास ओढत राहिली. तो टेप हातात धरून तिच्या ओठांकडे बघत उभा. मी मनात देवाचं नाव घेतलं. पडद्याचा रंग कळेपर्यंत तिथून कुणी हललं नाही.

“हिरवा,” ती म्हणाली. “पण फिक्का.”