एकसारख्या बरण्या

तालुक्यातल्या घरगुती लोणचीवाल्यांचा आम्ही गट केला, तेव्हा सगळ्यांची बरणी आणि लेबल एकच असावं हा आग्रह माझाच होता. शहरातल्या दुकानांना तेच हवं होतं, आणि माल खपायलाही लागला.

आज शालिनीकाकू गटाच्या दुकानात फळीपुढे उभ्या होत्या. पूर्वी त्या बरणीच्या तोंडाला जुन्या साडीचा तुकडा बांधायच्या.

“यातलं माझं कुठलं हो?” त्यांनी विचारलं.

माल कुणाचा ते सांगणारा लेबलावरचा बारीक क्रमांक मी दाखवला. त्यांना तो दिसेना.

एकत्र येणं म्हणजे एकसारखं होणं, असं मी का धरून चाललो, कोण जाणे.

“राहू दे,” म्हणत त्या पदराने फळीवरच्या सगळ्याच बरण्या पुसायला लागल्या. त्यांतली एखादी तरी त्यांची असणारच होती. मला तिथे थांबवेना.