मुनीरभाईंचं वेटिंग

मुनीरभाईंकडे तिकीट काढायला गेलं की ते आधी तारीख विचारत नसत आणि गाडीही विचारत नसत. चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "कशापायी जायचंय?"

नवखा माणूस गोंधळायचा. आपण कुठे चाललो, कशाला चाललो याची चौकशी सासूने केली तर समजू शकतं. जुन्नरच्या एसटी स्टँडसमोर एका चिंचोळ्या गाळ्यात बसून रेल्वेची तिकिटं आणि सातबाऱ्याचे उतारे काढून देणाऱ्या माणसाला ती कशाला हवी? पण कारण कळल्याशिवाय मुनीर तांबोळींचा हात माउसला लागत नसे. "कारन सांगा, तिकीट निघंल," हे त्यांचं पालुपद.

माझं वह्यापुस्तकांचं दुकान त्यांच्या गाळ्याला लागून. मध्ये पत्र्याची भिंत, तीही नावापुरती. त्यांच्याकडचं सगळं मला ऐकू यायचं आणि माझी गिऱ्हाइकांशी चाललेली वादावादी त्यांना. मी तोंडाने जरा फटकळ आहे, हे मीच सांगून टाकते. "ताई, सकाळपासनं तिसरं गिऱ्हाईक पळवलंत," असं ते पलीकडून मोजून सांगायचे. एवढं करून त्या पळवलेल्या गिऱ्हाइकाला बाहेर गाठून, समजूत घालून परत माझ्याकडे आणून सोडायचेही तेच.

कारण विचारण्यामागे त्यांचा हिशोब होता. तत्काळचं बुकिंग उघडलं की दोन-चार मिनिटांत जागा संपतात. रांगेत माणसं दहा, तिकिटं निघणार तीन. मग आधी कुणाचं? मुनीरभाईंचा क्रम ठरलेला होता. पहिला दवाखाना, मग मयत, मग परीक्षा, मग लग्न, आणि सगळ्यात शेवटी देवदर्शन. "देव थांबतो ताई, डॉक्टर थांबत न्हाई," असं ते म्हणत. एकदा एका पुढाऱ्याचा माणूस साहेबांच्या गोव्याच्या सहलीची यादी घेऊन आला आणि पुढे घुसायला लागला. मुनीरभाईंनी त्याला शांतपणे बाकावर बसवलं आणि बेल्ह्याच्या एका म्हातारीचं ऑपरेशनला जायचं तिकीट आधी काढलं. तोवर गोव्याच्या जागा गेल्या. माणूस खवळला. मुनीरभाई म्हणाले, "साहेबांना सांगा, समुद्र आटत न्हाई. पुढच्या आठवड्यात जावा."

"मुनीरभाईंकडून तिकीट निघालं नाही असं होत नाही," ही त्यांची पंचक्रोशीतली ख्याती. ते वरवर कान धरायचे, पण हे ऐकायला त्यांना आवडायचं. एवढ्या बाबतीत माणूस गर्विष्ठ होता.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर त्यांच्याकडे शिनोलीचे किसनराव आले. पांढरी टोपी, मिशा ताठ, चेहरा त्याहून ताठ. शिनोलीहून निघालेला माणूस घोडेगाव ओलांडून इतक्या लांब जुन्नरला मोटारसायकल दामटत येतो, म्हणजे त्याला ओळखीच्या माणसांपासून काहीतरी लपवायचंय हे मी भिंतीआडून ओळखलं.

"एक तिकीट पायजे," ते म्हणाले. "पुण्यात पुढच्या शनिवारी म्याच हाय, त्याचं."

"कशाची म्याच?"

"ती... लांबुडक्या बॉलची. एकमेकाला धरून पाडत्यात."

"रग्बी!" मी इकडून ओरडले. मला राहवत नाही.

"कशापायी जायचंय?" मुनीरभाईंनी विचारलं.

"पावण्याच्या पोराला पायजे."

"मंग पावण्याच्या पोराला पाठवा."

किसनराव बाकावर बसले. चार गिऱ्हाइकं येऊन गेली तरी बसूनच. गाळा रिकामा झाल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खाली बघत बोलायला लागले. त्यांची मुलगी पूनम पुण्यात कॉलेजला होती. तिथे ती हा खेळ शिकली आणि बघता बघता भारताच्या मुलींच्या संघात गेली. किसनरावांना ते मान्य नव्हतं. चड्डी घालून चिखलात लोळायचं, आडदांड मुलींच्या अंगावर पडायचं, उद्या हातपाय मोडला तर लग्न कोण करणार? एक दिवस भांडण विकोपाला गेलं आणि ते बोलून गेले, "खेळायचं आसंल तर माझ्या दारात येऊ नगो." पोरगी बापाचीच. ती आली नाही. दोन दिवाळ्या गेल्या.

"आता शनिवारी पुण्यात खेळतीय. तिला दोन पास मिळालं, ते तिनं तिच्या आईला आन् मामाला धाडलं. मला इचारलं न्हाई. इचारंल कशाला? मीच तोंड वाजवलं व्हतं." त्यांनी टोपीची घडी मोडून पुन्हा घातली. "मला फकस्त लांबनं बघायचीय. तिला कळता कामा नये, घरी बी कळता कामा नये."

"तिलाच फोन करा की राव," मुनीरभाई म्हणाले.

"फोन करून काय बोलू?"

मुनीरभाईंनी चष्मा खाली घेतला आणि माउसला हात लावला.

अडचण अशी होती की मुलींचा सामना आधी आणि त्यानंतर त्याच मैदानावर दोन नामांकित परदेशी संघांचा. त्यातला एक संघ खेळायच्या आधी मांड्या थोपटून, जिभा काढून नाचतो म्हणे. तो नाच बघायला पुण्यामुंबईची कॉलेजची पोरं तुटून पडली होती आणि तिकिटं पहिल्याच दिवशी संपली होती. साइटवर नुसता नाव नोंदवायचा एक रकाना उरला होता. कुणी तिकीट परत केलं तर कळवू, असं त्यात लिहिलेलं. मुनीरभाईंनी आपलं नाव, आपला नंबर घातला आणि प्रसन्न चेहऱ्याने खुर्चीत मागे रेलले.

"वेटिंगला नाव लागलं. आता काळजी न्हाई. चार्ट लागायच्या आधी कन्फर्म व्हतंय बघा. माझी हयात वेटिंगात गेलीय."

त्या आठवड्यात पुण्याचा कुणी एकजण तिकिटाचा फोटो मोबाईलवर पाठवून चढ्या भावाने विकायला निघाला होता. किसनराव त्याला भुलत आले होते. मुनीरभाईंनी त्यांना झापलं. "ह्यो एकच फोटो त्यानं पन्नास जनांना इकला आसंल. दारातनं हाकलतील तवा काय फोटोवर बसणार का?" तिथे त्यांचा अनुभव पक्का होता. किसनराव रोज संध्याकाळी फोन करायचे, "लागला का चार्ट?" आणि मुनीरभाई सांगायचे, "सरकतंय, सरकतंय. आज बी मेसेज आला."

शुक्रवार उजाडला. सकाळी मुनीरभाई चहा घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा मी सहज म्हणाले, बघू तो मेसेज. त्यांनी कौतुकाने मोबाईल पुढे केला. तीन मेसेज होते, तीन वेगवेगळ्या दिवसांचे. मी वाचले आणि माझा चहा तसाच राहिला.

"मुनीरभाई, हे वेटिंग सरकल्याचं नाही. यात लिहिलंय की तिकीट परत आलंय, खालच्या लिंकवर जाऊन लगेच घ्या. जो आधी जाईल त्याला मिळेल."

"आपोआप व्हत न्हाई?"

"नाही."

रेल्वेच्या वेटिंगला हात लावायचा नसतो. आपण गप्प बसायचं, नंबर आपसूक वर सरकतो आणि एक दिवस जागा पक्की होते. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं, आणि म्हणून तीनदा दाराशी आलेलं तिकीट त्यांनी समाधानाने वाचून खिशात ठेवलं होतं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला.

तासाभराने किसनराव स्वतःच आले. दुसऱ्या दिवशी सामना, त्यांना धीर निघत नव्हता. गाळ्यात पाचसहा माणसं होती. मी भिंतीअलीकडून मनात म्हणत होते, मुनीरभाई, साइटवर ढकला, नेटवर ढकला, कुणाला कळतंय? मी तर तसंच केलं असतं. मुनीरभाई मात्र उभे राहिले.

"किसनराव, माझं चुकलं," ते म्हणाले. "तुमचं तिकीट तीन येळा आलतं. मला वळखता आलं न्हाई. साइटची चूक न्हाई, नेटची न्हाई. माझी."

"अहो, ती साइटच किचकट आहे," मी धावून जाऊन म्हणाले. मुनीरभाईंनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मला वाटलं होतं किसनराव आवाज चढवतील. पण ते मुनीरभाईंकडे बघत राहिले आणि मग बाकावर बसले.

मग सुरू झाली राखण. मुनीरभाईंनी तत्काळच्या गिऱ्हाइकांना हात जोडून दुसरीकडे पाठवलं आणि स्क्रीनसमोर ठाण मांडलं. दुपारी जुम्म्याच्या नमाजची वेळ झाली तेव्हा ते माझ्याकडे आले. आपला मोबाईल, कार्ड आणि आधारचा कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "ताई, मी येईस्तोवर तुमी बसा. डोळ्याचं पातं लवू देऊ नका."

ते गेले आणि वीस मिनिटांत मोबाईल वाजला. तिकीट आलं होतं, पण दोन जागांची जोडी, एक सुटं मिळत नव्हतं. कोपऱ्यात घड्याळ उलटं पळायला लागलं. "घेऊ का दोन्ही?" मी विचारलं. किसनराव म्हणाले, "घ्या, घ्या ताई!" घाईघाईत माझ्याकडून आधारचा नंबर दोनदा चुकला. गिऱ्हाइकाने एवढा वेळ लावला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. शेवटी मोबाईलवर आलेला आकडा भरला आणि हिरवी खूण उमटली. किसनरावांनी त्या स्क्रीनला नमस्कार केला.

मुनीरभाई टोपी घडी करत परत आले. "निघालं?"

"दोन निघाली. दोन्ही तुमच्या नावावर. ओळखपत्र घेऊन तुम्हीच गेटवर यायचं असं लिहिलंय."

"मी? मला त्यातलं काय कळतंय?"

"मला तरी काय कळतंय?" किसनराव म्हणाले. "चला जोडीनं."

शनिवारी गाळ्याला कुलूप होतं. किसनरावांनी घरी सांगितलं, बेल्ह्याला बैल बघायला चाललोय. त्या दिवशी बेल्ह्याचा बाजार नसतो हे त्यांच्या बायकोला काय माहीत नव्हतं? पण स्वतः भावाबरोबर पुण्याला निघालेल्या त्या माउलीने त्यांना नुसती भाकरी बांधून दिली.

रविवारी मुनीरभाई माझ्या दुकानात स्टुलावर येऊन बसले आणि सामना सांगायला लागले. "ताई, इचित्र खेळ. बॉल न्यायचा पुढं, पन फेकायचा मागं. आसं कुटं आसतंय का? आन् आपली पूनम, लई चपळ. दोघींनी तिला उचलून आपटली तशी किसनराव ताडकन उभं. मी सदऱ्याला धरून खाली बसवलं. तवर पोरगी उठून पळाली बी."

"जिंकल्या का?"

"हारल्या. संपल्यावर सगळ्या पोरी कठड्याकडं आल्या, लोकांना हात द्यायला. आमी पुढंच व्हतो. पूनम एकेकाला हात देत आमच्याकडंच यायला लागली."

"मग?"

"मंग मी चहा प्यायला गेलो."

"अहो, काय माणूस आहात! पुढे काय झालं?"

"ते त्यांचं हाय, ताई. मी तिकिटापुरता." ते उठले. परत येताना एसटीत ते एकटेच होते, एवढं मात्र मी त्यांच्याकडून काढून घेतलं. त्यापुढे एक अक्षर नाही. मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही.

यंदा उन्हाळ्यात मुनीरभाई गेले. सकाळी गाळा उघडून झाडलोट केली, छातीत कळ आली आणि पुण्याला नेईपर्यंत संपलं. ज्या माणसाने रोज दवाखान्याचं तिकीट सगळ्यांच्या आधी काढलं, त्याच्या वाट्याला तेवढाही वेळ आला नाही. मला त्याचा अजून राग येतो. पत्र्याची ती भिंत आता खरोखरची भिंत झाली आहे. पलीकडून काही ऐकू येत नाही. गिऱ्हाईक पळालं तर ते परत आणून सोडणारंही कुणी नाही.

पंधरा दिवसांनी किसनराव आले. बरोबर उंच, रापलेली मुलगी होती. बंद शटरसमोर दोघं थोडा वेळ उभी राहिली, मग माझ्याकडे येऊन टेकली.

"यायचंच व्हतं भेटायला," किसनराव म्हणाले. "कांदा काढू, मंग जाऊ, आसं म्हनत ऱ्हायलो."

मी पाणी दिलं आणि इतके महिने पोटात ठेवलेलं विचारलंच. "त्या दिवशी कठड्यापाशी काय झालं हो?"

"मला वाटत व्हतं, मुनीरभाई कायतरी बोलतील, मला पुढं ढकलतील. वळून बघतो तर मानूस न्हाई. आन् ही समोर. कपाळावर खोक पडलेली. मंग आदल्या दिवशी ते समद्यांसमोर उभं राहून जे मला म्हनले, तेवढंच तोंडात आलं. तेच म्हनलो. माझं चुकलं." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "साठी गाठली, ताई. जल्मात कुनाला म्हनलो नव्हतो. कसं म्हनत्यात ते बघितलंच नव्हतं."

पूनम शटरकडच्या बाजूला बघत होती. "मग तू काय म्हणालीस?" मी तिला विचारलं.

"मी विचारलं, आबा, तुम्हाला तिकीट कुठं मिळालं?" ती म्हणाली. "आठ दिवस मी सगळ्या मुलींकडे मागत होते. कुणाचा पास उरला तर द्या म्हणून. आबांसाठी."