हळदीकुंकवाच्या दिवशी अपडेट

फोनवर ‘नवीन अपडेट आलं आहे’ अशी पट्टी झळकली की आमचे हे दात घासता घासता बटण दाबतात. कचेरीत हाच माणूस साध्या अर्जावर सही करायला आठवडा लावतो. टोकरखाड्याच्या कॉलनीत राहायला आलो तेव्हा यांनी आणि शेजारच्या भाऊंनी एकाच इलेक्ट्रिशियनकडून हॉलमध्ये हुकूम ऐकणारा डबा बसवून दिवे-पंखे आवाजावर चालणारे करून घेतले. भाऊ जळगावकडचे, इथे कारखान्यात सुपरवायझर. त्यांनी बसवल्यापासून एकदाही अपडेट केलं नव्हतं.

“चालू ऱ्हायलं ना साहेब? मग कशाला बोट घालता?”

“मागे पडाल, भाऊ.”

“पडू द्या. दिवे तर लागतात ना!”

संक्रांतीनंतर माझं हळदीकुंकू होतं. यांनी नेमकं त्याच दुपारी नवं व्हर्जन घातलं.

“आता आधी त्या डब्याला हाक मारावी लागत नाही,” हे कौतुकानं म्हणाले. “नुसतं बोललं तरी ऐकतो.”

“या घरात कोणीतरी ऐकतंय, छान झालं,” मी म्हटलं.

संध्याकाळी माझ्या शाळेतल्या शिक्षिका आणि कॉलनीतल्या बायकांनी हॉल भरला. हे आतल्या खोलीत बसले. भाऊंच्या बायकोला उखाण्याचा आग्रह झाला. ती लाजत म्हणाली, “तिन्हीसांजेला दारात लावते मी दिवा...” आणि दारातला, स्वयंपाकघरातला, न्हाणीघरातला, सगळेच दिवे लागले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. नाव घ्यायचं राहूनच गेलं.

मग आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई पुढे सरसावल्या. “माहेरचा पंखा हळू, सासरचा जोरात...”

पंखा जोरात सुटला. खाली मी नुकतंच कुंकवाचं तबक उघडून ठेवलं होतं.

लाल ढग उठला. समोरच्या गुजराती बेन ओरडल्या, “हाय हाय, मारी नवी साडी!” मी ओरडले, “बंद कर! पंखा बंद!” पण सगळ्याच जणी ओरडत होत्या. डबा शांतपणे म्हणाला, “कृपया एक-एक करके बोलिए.” हे वाक्य मी वर्गात रोज बोलते, कोणी मला ऐकवण्याची ती पहिलीच वेळ. शेवटी पदर खोचून मी भिंतीवरचं बटण गाठलं. तोवर काय झालं बघायला हे बाहेर आले होते आणि टकलापासून बनियनपर्यंत गुलाबी झाले होते.

आरडाओरडा ऐकून भाऊ दारात आले. यांच्याकडे बघत म्हणाले, “साहेब, औंदा होळी लवकर आली का?”

त्यांच्या बायकोला मात्र हसू आलं नाही. डोळ्यांतलं कुंकू पुसत ती भाऊंना म्हणाली, “आपल्याकडे पण हेच पाहिजे. नुसतं म्हटलं तर दिवा लागला. तुम्हाला दहा हाका मारल्या तरी उठत नाही.” घरी जाऊन तिनं भाऊंच्या फोनवर स्वतःच बटण दाबलं.

इकडे यांनी शपथ घेतली, की पुढचं अपडेट चार लोकांचं बघूनच करायचं. काही आठवड्यांनी एका रविवारी पट्टी झळकली. यांनी फोन पालथा घातला. चहा ओतून घेतला. फोन सुलटा केला. परत पालथा घातला. मला दया आली.

तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीपलीकडून भाऊंचा आवाज आला. “साहेब, नवीन आलंय म्हणे! आमच्याकडं हिनं केलं पण. तुमचं?”

यांचा चेहरा पडला. कॉलनीत दुसरा नंबर! मी कुंकवाचं तबक उचलून कपाटात ठेवलं आणि म्हटलं, “दाबा एकदाचं.”