ब्रायन दारू पीत नव्हता

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता वय झालं आहे. ब्रायनबद्दल इथल्या आपल्या मराठी मंडळींत जे बोललं गेलं त्याची सुरुवात माझ्यापासून झाली, म्हणून खरं काय ते मीच सांगायला हवं.

न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूच्या डॉक्टर, ब्रायनच्या सीटी स्कॅनची फिल्म दिव्यासमोर धरून म्हणाल्या, "हे दारूमुळे नाही. डोक्याला वारंवार मार बसलाय. बॉक्सर लोकांत दिसतो तसा डिमेन्शिया आहे." डिमेन्शियात आठवण आणि विचारशक्ती हळूहळू ढासळत जाते. ब्रायनची जीभ जड झाली होती आणि चालण्याचा तोलही गेला होता.

ब्रायन माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा, नवरा. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा एकेकाळचा चॅम्पियन. त्या खेळात हेल्मेट नाही, पॅड नाहीत. उंच आलेला चेंडू झेलायला समोरच्याच्या खांद्यावर गुडघा रोवून उडी मारायची. असे अठरा मोसम तो खेळला. लग्नानंतर अमेरिकेत, आमच्या फ्रीमाँटला येऊन शाळेत खेळ शिकवू लागला. सुमनचं ऐकून मला दादा म्हणायचा. "दादा, तुमचं क्रिकेट म्हणजे पॅड बांधून लंचची वाट बघणं!" जेवताना त्याचे मैदानावरचे किस्से सुरू झाले की मी ताट घेऊन उठायचो.

ऐंशीच्या दशकात त्याचं बोलणं अडखळू लागलं. पार्किंगमध्ये स्वतःची गाडी सापडेना. गणपतीच्या आरतीला त्याचा झोक गेला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "भाऊजींना आज जास्त झालीय वाटतं." मी म्हणालो, "आजच नाही, रोजच." आमच्या घरात दारूला कुणी शिवलेलं नव्हतं. माणूस झोकांड्या खातो याचं दुसरं कारण मला ठाऊकच नव्हतं.

पहिल्या डॉक्टरांकडे मीच त्याला नेलं. त्यांनी विचारलं, "ड्रिंक्स घेता?" तो म्हणाला, "कधीच सोडली." मी त्याच्या पाठीमागून मान हलवली: घेतो.

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टर नंतर मला म्हणाले.

मग दोन वर्षं फुकट गेली. व्यसनमुक्ती केंद्र, व्हिटॅमिनची इंजेक्शनं, पुन्हा पुन्हा रक्ताच्या तपासण्या. लिव्हर ठणठणीत, तरी डॉक्टर बदलले की नवेही पहिल्याचीच री ओढायचे. वेटिंग रूममध्ये मी त्याच्यावरच चिडायचो, "कबूल कर ना यार एकदाचं!" शाळेने त्याला काढलं. सुमन त्याचे ग्लास हुंगून बघू लागली. तिला कधीच काही सापडलं नाही.

शेवटी गाठलेल्या त्या न्यूरॉलॉजिस्टने विचारलं, "खेळताना किती वेळा बेशुद्ध पडलात?" त्याला आठवेना. मला आठवत होतं. ताट उचलताना कानावर पडलेलं सगळं मी सांगत गेलो: स्ट्रेचरवरून बाहेर नेलेला तो सामन्याच्या शेवटच्या पाव तासात परत मैदानात कसा उतरला, जिंकल्यावर मेडल कुणी गळ्यात घातलं हे त्याला दुसऱ्या दिवशी कसं विचारावं लागलं.

"हे आधी कुणीच का सांगितलं नाही?" त्या म्हणाल्या. आजार बरा होणारा नव्हताच. पण त्याचं दोन वर्षं स्वतःच्या घरात खोटारडा ठरणं टळलं असतं.

पेशंटबरोबर जाणाऱ्यांनो, डॉक्टरांना डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच सांगा. तुमचा अंदाज सांगू नका.

शेवटी तो नर्सिंग होममध्ये होता. मी माफी मागायला गेलो. वाक्य गाडीत घोकलं होतं. त्याने मला ओळखलं नाही, कोच समजला. माझा हात धरून म्हणाला, "सॉरी कोच, आज नाही खेळता आलं."

मी म्हणालो, "चालायचंच, ब्रायन." आणि त्याचं पांघरूण सारखं करून निघून आलो.